व्हेंटिलेटरचा दाब कसा लावावा: कोरडं फुप्फुस आणि द्रवाने भरलेलं फुप्फुस

सप्टेंबर महिना. सोयाबीनवर, कापसावर फवारणी जोरात. या दिवसांत मराठवाड्यातल्या कुठल्याही आयसीयूत एखादी तरी खाट फवारणीच्या औषधाची असतेच. अशाच एका रात्री दोन वाजता सिस्टरचा फोन आला. “सर, चार नंबरचं पीक चव्वेचाळीस दाखवायलंय. अलार्म थांबेना. जेआर सर टायडल कमी करू का विचारतायत.”

“प्लॅटो किती?”

पलीकडून नुसता अलार्म ऐकू येत होता.

जाऊन पाहिलं. पीक म्हणजे श्वास आत जाताना मशीनवर दिसणारा सगळ्यात जास्त दाब, प्लॅटो म्हणजे हवा थांबवल्यावर उरलेला दाब, दोन्ही सेंमी पाण्यात; टायडल म्हणजे एका श्वासात दिलेली हवा; जेआर म्हणजे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर. आत गेलेली हवा थांबवणारं बटण, इन्स्पिरेटरी होल्ड, दाबलं तर प्लॅटो २३. सक्शनचा कॅथेटर नळीत अर्ध्यावरच अडत होता. नळी दातांपाशी मुडपली होती आणि आत फेसाळ स्राव भरलेला. नळी सरळ केली, बाइट ब्लॉक घातला, सक्शन केलं, छाती कोरडी होईपर्यंत स्राव आटवणारं अॅट्रोपिन दिलं. पीक २९ वर आला. टायडलला कुणी हात लावला नाही. लावला असता तर आकडा खाली आला असता, अलार्म गप्प बसला असता, कार्बन डायऑक्साइड मात्र साचत गेला असता आणि नळी तशीच मुडपलेली राहिली असती.

पडद्यावरचा दाब यंत्राजवळचा असतो. फुप्फुसातला दाब कळायला हवा थांबवावी लागते. हे एवढं एक वाक्य मी दरवर्षी नव्या जेआरना सांगतो आणि दरवर्षी ते माना डोलावून विसरतात. ते पक्कं बसावं म्हणून मी एक आडवळणाचं उदाहरण घेतो, पार्शल लिक्विड व्हेंटिलेशनचं. फुप्फुस काही अंशी परफ्लुरोकार्बन नावाच्या द्रवाने भरायचं आणि वरून नेहमीच्याच व्हेंटिलेटरने हवा द्यायची. आज हा नेहमीचा उपचार नाही, आपल्या खाटेवर तो कुणी करायलाही जाऊ नये. पण दाब म्हणजे काय हे समजायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. म्हणून आधी कोरड्या फुप्फुसाच्या पायऱ्या, मग तेच आकडे द्रव भरल्यावर कसे उलटेपालटे होतात ते.

लेख आयसीयूत काम करणाऱ्यांसाठी आहे: जेआर, मेडिकल ऑफिसर, सिस्टर. नातेवाइकांनी वाचला तर हरकत नाही, पण त्यावरून मशीनच्या बटणाकडे हात नेऊ नये.

पायरी पहिली: मोजपट्टी

व्हेंटिलेटरला हात लावण्याआधी मोजपट्टी काढा. टायडल व्हॉल्यूम रुग्णाच्या वजनावर नसतो, उंचीवर असतो. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस वाढत नाही. हिशोब असा: पुरुषासाठी उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, १५२.४ वजा करा, ०.९१ ने गुणा, त्यात ५० मिळवा. बाईसाठी ५० च्या जागी ४५.५. येतं ते किलोतलं ‘हिशोबाचं वजन’, टायडल त्यावर ठरवायचा. पेशंट आडवा असताना डोक्यापासून टाचेपर्यंत पट्टी लावायची. पाय आखडलेले असतील तर छातीच्या मध्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून दुप्पट करायचं, कामापुरतं बरोबर येतं.

हे मी चूक करून शिकलो. जेआर असताना, कुठे ते सोडा, एक पंचेचाळिशीतल्या मावशी न्यूमोनियाने आल्या. केस पेपरवर वजन ६२ लिहिलेलं. मी ‘आठ मिलि’ म्हणून ५०० लावला आणि निर्धास्त झालो. उंची कुणी मोजलीच नव्हती. नंतर मोजली, १५० सेंमी. म्हणजे हिशोबाचं वजन जेमतेम ४३ किलो आणि मी दिलेला श्वास किलोमागे साडेअकरा मिलि. तिसऱ्या दिवशी उजवीकडे न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुस फुटून छातीत हवा. आयसीडी, म्हणजे ती हवा काढणारी छातीतली नळी, टाकली, मावशी वाचल्या, पण किलोमागे सहाच्या हिशोबाने त्यांना २६० मिलि पुरला असता ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही. आपल्याकडच्या बायका १४५, १५० सेंमीच्या असतात. ५०० हा आकडा हाताला सवयीने लागतो, तो हात आवरायचा.

सहा हा आकडा २००० सालच्या एआरडीएस नेटवर्कच्या चाचणीतून आला. एआरडीएस म्हणजे दोन्ही फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घसरतो तो आजार. ८६१ रुग्ण, एका गटाला किलोमागे ६ मिलि, दुसऱ्याला १२. मृत्यूचं प्रमाण ३१ टक्के विरुद्ध ३९.८ टक्के. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त श्वास लहान केला होता.

पायरी दुसरी: सुरुवातीचे आकडे

व्हॉल्यूम कंट्रोल घ्या. प्रेशर कंट्रोल वाईट नाही, पण शिकताना आणि दाब मोजताना व्हॉल्यूम कंट्रोल प्रामाणिक असतो: श्वास आपण ठरवतो, दाब फुप्फुस सांगतं. टायडल किलोमागे ८ वरून सुरू करून दोनेक तासांत ६ वर आणा, किंवा सरळ ६ लावा. फ्लो मिनिटाला ६० लिटर. रेट, म्हणजे मिनिटाला श्वास, २० ते २५, लागल्यास ३५ पर्यंत. एफआयओटू, म्हणजे दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा, १ ने सुरू करून ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८ ते ९५ च्या दरम्यान राहील इतका खाली. ९९ दिसलं की सगळ्यांना बरं वाटतं, पण ते बरं वाटणं पेशंटच्या कामाचं नसतं. पॅराक्वाट हे तणनाशक प्यालेल्या रुग्णाला तर जादा ऑक्सिजन घातकच, तिथे आणखी हात आखडता.

प्रेशर कंट्रोल लावायचाच असेल तर आधी एक गोष्ट तपासा. काही मशीनवर लावलेला दाब पीपच्या (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेल्या दाबाच्या) वर मोजतात, काहींवर शून्यापासून. एकीकडे १५ म्हणजे पीप १० धरून २५, दुसरीकडे १५ म्हणजे १५ च. कोविडच्या काळात वेगवेगळ्या बनावटीची यंत्रं आली आणि एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी उभी राहिली. दोन नंबरच्या खाटेचे आकडे पाच नंबरच्या मशीनवर डोळे झाकून उतरवू नका.

लहान टायडलवर आणखी एक खोच असते. हवा ओलसर ठेवणाऱ्या एचएमई फिल्टरमध्ये अडकून राहणारी हवा प्रौढांच्या फिल्टरला सहज ५० मिलि असते. ५०० च्या श्वासात ते खपून जातं, २६० च्या श्वासात पाचवा हिस्सा तिथेच गेला. कार्बन डायऑक्साइड चढत असेल तर रेट वाढवण्याआधी फिल्टर काढून गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लावून बघा. उन्हाळ्यात त्याचं पाणी संपतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून सिस्टरच्या चार्टवर त्याचीही एक रांग ठेवा.

रक्ताचा पीएच ७.३० च्या वर असेल तर उत्तम. थोडा खाली गेला तर घाबरून टायडल वाढवायचा नाही, आधी रेट. ७.१५ च्या खाली जायला लागला तर मात्र सीनियरला उठवा, तेव्हा टायडल किलोमागे एक-एक मिलिने वाढवण्याची मुभा आहे.

पायरी तिसरी: थांबा आणि मोजा

आयसीयूत सगळ्यात कमी दाबलं जाणारं बटण म्हणजे इन्स्पिरेटरी होल्ड. हवा आत गेली, झडपा बंद झाल्या, फ्लो शून्य. नळीतला अडथळा तेव्हा दिसेनासा होतो, कारण अडथळा वाहत्या हवेलाच होतो. उरतो तो फुप्फुसाचा आणि छातीच्या भिंतीचा दाब. तोच प्लॅटो.

पेशंट पूर्ण शांत हवा. तो स्वतः श्वास ओढत असेल किंवा जोर करत असेल तर आलेला आकडा फेकून द्या. अर्धा ते एक सेकंद धरा आणि रेघेकडे नीट बघा. रेघ सपाट झाली तर आकडा घ्या. ती सतत खाली घसरत असेल तर कुठेतरी गळती आहे: नळीचा कफ (फुगा), जोडणी, नाहीतर आयसीडीतून बुडबुडे. आधी ते शोधा.

आता वजाबाकी. ६० लिटरच्या फ्लोला पीक आणि प्लॅटोमध्ये साधारण ५ ते १० चा फरक असतो. चार नंबरला तो २१ होता. फरक मोठा म्हणजे दोष वाटेत: मुडपलेली नळी, स्राव, ब्रॉन्कोस्पाझम (आवळलेल्या श्वासनलिका), फिल्टरमध्ये साचलेलं पाणी. फरक नेहमीचा आणि दोन्ही आकडे वर गेलेले असतील तर दोष फुप्फुसात किंवा छातीत: सूज वाढली, न्यूमोथोरॅक्स झाला, नळी उजव्या ब्रॉन्कसमध्ये सरकली, पोट फुगलं. मला विचाराल तर व्हेंटिलेटरचं निम्मं निदान या एका वजाबाकीत आहे.

प्लॅटो ३० च्या आत. ३० च्या वर गेला तर टायडल ५, मग ४ पर्यंत उतरवायचा.

शेवटी एक्स्पिरेटरी होल्डही दाबा, म्हणजे श्वास सोडल्यावर हवा थांबवा. श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत दुसरा आत ढकलला जात असेल तर लावलेल्या पीपपेक्षा मोजलेला पीप जास्त निघतो. रेट ३५ लावलेल्या दमेकरी पेशंटमध्ये हा लपलेला दाबच रक्तदाब पाडतो, आणि आपण रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रिनलिन वाढवत बसतो.

पायरी चौथी: पीप

पीपवर भांडणं खूप. मी साधा मार्ग धरतो. एआरडीएस नेटवर्कचा कमी पीपचा तक्ता भिंतीवर चिकटवा: एफआयओटू ०.४ ला पीप ५ ते ८, ०.५ ला ८ ते १०, ०.६ ला १०, ०.७ ला १० ते १४, ०.८ ला १४, ०.९ ला १४ ते १८, आणि १ ला १८ ते २४. ही सुरुवात. पुढे रुग्ण सांगतो.

कसं सांगतो ते एका उदाहरणात. १६५ सेंमीचा शेतकरी, हिशोबाचं वजन साडेएकसष्ट किलो, टायडल ३७०. पीप १०, प्लॅटो २९. दोन्हींतला फरक, म्हणजे ड्रायव्हिंग प्रेशर, १९. हा आकडा १५ च्या आत असावा, कारण २०१५ साली आलेल्या मोठ्या विश्लेषणात मृत्यूशी सगळ्यात जवळचं नातं याच आकड्याचं निघालं. आता पीप १४ करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा होल्ड. प्लॅटो ३० आला तर फरक १६ झाला: मिटलेले कप्पे उघडले, तोच श्वास जास्त जागेत वाटला गेला. प्लॅटो ३६ आला तर फरक २२: नवं काही उघडलं नाही, जे उघडं होतं तेच ताणलं. पीप मुकाट्याने परत १० वर आणा आणि टायडल ३१० करा. त्याच फुप्फुसात फरक सोळाच्या आसपास येईल.

पीप वाढवल्यावर पाच मिनिटं मॉनिटरसमोरून हलू नका. सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब ११० वरून ८५ वर आला तर फुप्फुसात मिळवलेला ऑक्सिजन शरीरापर्यंत पोचवायला हृदयच पुरत नाहीये. आणि ४० सेंमीचा दाब धरून ‘फुप्फुस उघडण्याची’ जुनी हौस आता सोडा. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत जोरकस रिक्रूटमेंट केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले.

एवढं करूनही पीएफ रेशो (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले एफआयओटू) १५० च्या खाली असेल तर पालथं झोपवा, एका वेळी निदान १६ तास. २०१३ च्या चाचणीत ४६६ रुग्णांत २८ दिवसांचं मृत्युप्रमाण ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आलं. यंत्र लागत नाही, पाच माणसं, दोन चादरी आणि नळी धरणारा एक जागा माणूस लागतो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं वर, त्यामुळे इथल्या हवेत ऑक्सिजनचा दाब मुंबईपेक्षा जरा कमी. पण पीएफ रेशोची दुरुस्ती हजार मीटरच्या वरच लागते, तेव्हा आपल्याला तो हिशोब नको.

आता फुप्फुसात द्रव ओता

मनातल्या मनात. परफ्लुब्रॉन हा द्रव पारदर्शक, पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, घनता १.९. शंभर मिलिमध्ये सुमारे ५३ मिलि ऑक्सिजन विरघळतो, पाण्यात जेमतेम अडीच. कार्बन डायऑक्साइड तर २१० मिलि. १९६६ साली क्लार्क आणि गोलन यांनी उंदीर अशा द्रवात बुडवून ठेवले आणि ते द्रवाचाच श्वास घेत जगले. १९८९ मध्ये फिलाडेल्फियात पहिल्यांदा नवजात बाळांवर प्रयोग झाला. पण सगळं फुप्फुस द्रवाने भरून तो आतबाहेर करायला खास यंत्र लागतं. १९९१ मध्ये फर्मन यांनी सोपी वाट काढली: शिल्लक हवेच्या जागेत द्रव भरा आणि आपला नेहमीचा व्हेंटिलेटर वर चालू ठेवा. हेच पार्शल लिक्विड व्हेंटिलेशन.

मात्रा प्रौढांत किलोमागे १० ते २० मिलि. आपल्या साठ किलोच्या शेतकऱ्याला २० च्या हिशोबाने १२०० मिलि. वजन करून बघा: सव्वादोन किलोहून जास्त. सव्वादोन किलोचं ओझं दोन फुप्फुसांत, आणि त्याच्या वरून हवेचा श्वास. आता वरच्या पायऱ्या पुन्हा चढू.

भरण्याआधी प्लॅटो, पीप, ड्रायव्हिंग प्रेशर लिहून ठेवायचे, कारण नंतर तुलनेला दुसरं काही नसतं. पेशंट पूर्ण शिथिल. नळीच्या तोंडाशी बाजूचं छिद्र असलेली जोडणी बसवून, व्हेंटिलेटर न काढता, द्रव हळूहळू आत सोडायचा. घाई केली तर द्रव मोठ्या श्वासनलिकेतच डाट बनून बसतो आणि पीक एकदम उसळतो. इथे आपली वजाबाकी कामी येते: पीक उसळला, प्लॅटो तोच, म्हणजे द्रव अजून वाटेत आहे. ओतणं थांबवा, दोन-चार श्वास जाऊ द्या. भरलं किती हे बघायची जुनी खूण म्हणजे पीप काढला की नळीत द्रवाची पातळी दिसणं.

पीपबद्दल इथे सगळेच फसतात, मीही फसलो होतो. तोंडी परीक्षेत मला विचारलं, “द्रव भरल्यावर पीप कमी करशील का?” मी म्हणालो, “हो सर, द्रवच पीपचं काम करतो.” अर्धं उत्तर बरोबर. पाठीवर झोपलेल्या रुग्णात द्रव खाली, पाठीकडे जातो. १० सेंमी खोलीवर त्याचा स्वतःचा दाब १० गुणिले १.९, म्हणजे १९ सेंमी पाणी. मशीनवर पीप १० असेल तर तळाच्या कप्प्यात श्वास सोडल्यावरही २९. सुजलेल्या फुप्फुसाचं आणि हृदयाचं ओझं खालच्या भागाला दाबत असतं, ते हा द्रव उचलून धरतो. मिटलेले कप्पे उघडतात, रक्तही थोडं वरच्या, हवेशीर भागाकडे ढकललं जातं. सुंदर आहे हे. पण छातीकडच्या वरच्या भागात द्रव पोचतच नाही. तिथे दहा म्हणजे दहाच. तिथला पीप काढून घेतलात तर वरचे कप्पे दर श्वासाला मिटणार आणि उघडणार. शिवाय श्वास सोडताना द्रव नलिकांत वर सरकणार, पुढचा श्वास त्याला ढकलत आत जाणार. म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुरेसा पीप ठेवला तेव्हाच वायूंची देवाणघेवाण सुधारली, आणि मोठ्या चाचणीत पीप किमान १३ ठेवला गेला. परीक्षक काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले.

मशीनच्या पडद्यावर पीप एकच. फुप्फुसात मात्र वरपासून खालपर्यंत जितके थर तितके पीप. कोरड्या एआरडीएसच्या फुप्फुसातही हेच असतं, फक्त इतकं ठळक नसतं.

टायडलचं गणित तर उलटंच. द्रवाने हवेची जागा व्यापली. ३७० मिलिचा श्वास आता उरलेल्या छोट्या जागेत जाणार, तेवढ्याच श्वासाला प्लॅटो चढणार आणि ताण पडणार तो वरच्या, द्रव नसलेल्या, त्यातल्या त्यात निरोगी भागावर. म्हणजे श्वास आणखी लहान हवा. श्वास सोडायला वेळही जास्त हवा, कारण द्रवातून वाट काढत हवा सावकाश निघते. एक्स्पिरेटरी होल्ड इथे ऐच्छिक नाही. प्रेशर कंट्रोलवर असाल तर नळीत डाट बसला तरी दाब लावलेला तेवढाच दिसतो, श्वास मात्र गुपचूप कमी होतो. तेव्हा टायडलचा अलार्म घट्ट लावायचा. त्यातही पुन्हा गंमत: परफ्लुरोकार्बनची जड वाफ फ्लो सेन्सरमधून जाते आणि टायडलचा आकडाच चुकवते. ज्या आकड्यावर भरवसा ठेवायचा तोच डळमळीत.

द्रव तसाच राहतही नाही. दर श्वासाबरोबर त्याची वाफ उडते, पातळी खाली येते, आणि सकाळी बरोबर असलेला पीप दुपारी अपुरा पडतो. वेळोवेळी भर घालावी लागते. सक्शन केलं तर द्रवच ओढला जातो, म्हणून बंद सक्शन आणि तेही लागेल तेवढंच. जोडणी सुटली तर पीप जातो आणि नळीतून द्रव बाहेर. एक्स-रे काढला तर द्रवातल्या ब्रोमीनमुळे छाती पांढरीशुभ्र, त्यात न्यूमोनिया शोधणं कठीण. उपचार थांबवला तरी द्रव उडून जायला वेळ लागतो, तोवर दाब घाईने उतरवायचे नाहीत.

आणि निकाल? १९९६ मध्ये १३ अकाली जन्मलेल्या बाळांवरचा अनुभव छापून आला तेव्हा आशा मोठी होती. २००६ साली ३११ प्रौढ रुग्णांची चाचणी आली. २८ दिवसांचं मृत्युप्रमाण नेहमीच्या व्हेंटिलेटरवर १५ टक्के, कमी मात्रेच्या द्रवावर २६.३, जास्त मात्रेवर १९.१. व्हेंटिलेटरशिवाय काढलेले दिवस अनुक्रमे १३, ७.४ आणि ९.९. द्रवाच्या गटांत न्यूमोथोरॅक्स, ऑक्सिजन घसरणं आणि रक्तदाब पडणं जास्त. त्या चाचणीत टायडल किलोमागे १० मिलिपर्यंत चालत होता. आजच्या डोळ्यांना तो मोठाच वाटतो, आणि जागा आधीच द्रवाने खाल्लेल्या फुप्फुसात तर फारच. टायडल सहा ठेवला असता तर निकाल बदलला असता का, यावर जेवणाच्या सुट्टीत वाद घालायला मला आवडतं. खाटेवर मात्र वाद नाही: उपलब्ध पुराव्यावर हा उपचार प्रौढांच्या एआरडीएसमध्ये करू नये.

रुग्ण हलवताना

परत आपल्या वॉर्डात. हिंगोलीहून नांदेड साधारण नव्वद किलोमीटर. घाटीला, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा अंबाजोगाईला येणारेही असेच लांबून येतात. तासाभराच्या मेहनतीने उघडलेलं फुप्फुस नळी सुटल्याच्या दोन सेकंदांत मिटतं, आणि हे सगळ्यात जास्त वेळा स्ट्रेचरवर घेताना होतं.

गाडीतला व्हेंटिलेटर आधी रुग्णाला आयसीयूतच लावा आणि दहा-पंधरा मिनिटं चालवून बघा. तेच टायडल, तोच पीप, आणि होल्डची सोय असेल तर तोच प्लॅटो येतो का. बदलताना नळी जाड, बिनदाती क्लॅम्पने दाबायची, पहिलं मशीन थांबवायचं, जोडणी बदलायची, दुसरं सुरू करायचं, मग क्लॅम्प काढायचा. क्रम तोंडाने मोठ्याने म्हणा. नुसती अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) असेल तर तिला पीपची झडप बसवा. झडप नसेल तर पीप १४ वर असलेला रुग्ण हलवायचा का, हा प्रश्न आधी सोडवा.

ऑक्सिजनचा हिशोब कागदावर. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर. रुग्णाला मिनिटाला १० लिटर, एफआयओटू १, मशीनचा स्वतःचा खर्च २ धरा: १२. म्हणजे १२५ मिनिटं. रस्ता दोन तासांचा, पावसाळा, वाटेत एखादं रेल्वे फाटक. एक सिलिंडर पुरत नाही, दोन घ्या, आणि दोन्हींचा काटा स्वतः बघा. काटा अर्ध्यावर असेल तर लिटरही अर्धेच.

निघताना चिठ्ठीवर उंची, टायडल, पीप, प्लॅटो आणि शेवटचा होल्ड किती वाजता घेतला ते लिहा. ‘व्हेंटिलेटर सपोर्टवर’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्या रोज येतात, त्यांचा पुढच्या डॉक्टरला काडीचा उपयोग नसतो.

आणि सिलिंडरची चावी. ती नेहमी वॉर्डबॉय मामांच्या खिशात असते, आणि मामा गाडीत नसतात.